चौकड्यांच्या शर्टातला स्वार

हॉलिवूड
६ फेब्रुवारी १९३८

ताई,

आधी एक बातमी, मग बाकीचं. तुझा भाऊ ओरेन टॅकेट आता ओरेन राहिलेला नाही. त्याचं नाव टेक्स रिव्हर्स. आमचे डायरेक्टर मिस्टर फेल्डर म्हणाले, "ओरेन? हे काय नाव झालं? खोकल्याच्या औषधाला शोभेल. कुठला तू? टेक्ससचा ना? मग टेक्स." झालं बारसं. गावर स्ट्रीटच्या ज्या कोपऱ्यावर आम्ही घोडेस्वार रोज सकाळी कामासाठी उभे असतो, तिथे निम्मे लोक टेक्सच आहेत. कोणी "ए टेक्स!" म्हणालं की आम्ही सगळे एकदम वळतो. खरं नाव कोणाचं कोणाला ठाऊक नाही आणि कोणी विचारतही नाही.

पण काम मिळालंय, तेही टिकाऊ. 'ब्लू मेसा पिक्चर्स' म्हणून छोटी कंपनी आहे. आठवड्यात एक पिक्चर उरकतात. हिरो डस्टी लामार. गाणारा काउबॉय. तुला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नकोस: ह्या माणसाला घोड्याची भीती वाटते आणि गळाही त्याचा नाही. गातो एक जाडा माणूस, आधीच तबकडीवर भरून ठेवतो. डस्टी नुसतं तोंड हलवतो. आणि दौडायचं, उडी मारायची, पडायचं काम माझं. पाठमोरा मी हुबेहूब डस्टी दिसतो. समोरून दाखवत नाहीत, कारण खेचराने मोडलेलं हे नाक!

एक गंमत सांगतो. डस्टीचा शर्ट कधीच बदलत नाही. मोठ्या चौकड्यांचा शर्ट, पांढरी टोपी, पांढऱ्या कपाळाची घोडी. दर पिक्चरला तेच. का, सांग? म्हणजे जुन्या पिक्चरमधली दौड कापून नव्यात जोडता येते आणि कोणाला पत्ता लागत नाही. एकदा पडलो की दहा पिक्चरमध्ये पडलो. पैसे मात्र एकदाच.

पण मी पडायला आलेलो नाही हे तुला माहीत आहे. फेल्डरसाहेबांनी शब्द दिलाय: मार्चच्या पिक्चरमध्ये शेकोटीच्या प्रसंगाला एक कडवं माझं. माझ्या तोंडून, माझ्या गळ्यातून. नाक अंधारात ठेवतील.

पत्र कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक. काउंटरवरचा सोल आमची पत्रं सिगारच्या डब्यात ठेवतो.

तुझा,
ओरेन (की टेक्स?)


बिटर क्रीक, टेक्सस
२० फेब्रुवारी १९३८

अरे टेक्सोबा,

पत्र वाचून आई इतकी हसली की खोकला लागला. मग म्हणाली, "मी त्याचं नाव माझ्या वडिलांवरून ठेवलंय. त्या फेल्डरला सांग, बदलायचंच तर स्वतःचं बदल म्हणावं." धुळीने तिची नजर फार मंदावली आहे. माणूस दारात उभा राहिला की सावली दिसते, तोंड दिसत नाही. पण कान शाबूत. अमॅरिलोच्या जत्रेत तू गाणं भरून आणलेली ती ॲल्युमिनियमची तबकडी रोज दुपारी लावते. मधे खरखर होते तिथे स्वतः गाते.

आता माझी बातमी. 'पॅलेस' थिएटरचा ऑपरेटर तेलाच्या विहिरींवर पळाला. मिस्टर हॉब्स डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हटलं, मला दाखवा. आता मशीन मी चालवते. फिल्म तुटली की कापते, सिमेंट म्हणतात तो फिल्मचा डिंक लावून जोडते. बाई मशीनवर बघून पहिल्या शनिवारी पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी दिवा बंद करून पिक्चर थांबवलं. पुन्हा शिट्टी नाही.

म्हणजे तुझं पिक्चर माझ्या हातून जाणार बघ! आई म्हणते, "त्याला सांग, पडून पोट भरू नकोस. गाऊन भर." मीही तेच म्हणते. जपून राहा.

लिओटा


लोन पाइन
१३ मार्च १९३८

ताई,

डोंगरात शूटिंगला आलोय. बर्फाचे डोंगर मागे, पुढे लाल खडक. फेल्डरसाहेब आज जेवताना म्हणाले, "टेक्स, उद्या दुपारी कड्यावरून घोडीसकट खाली यायचं. मस्त पडलास तर संध्याकाळी शेकोटीला तुझं गाणं." मी म्हटलं, "आणि मस्त नाही पडलो तर?" ते म्हणाले, "तर पुन्हा पड."

आधी पडून दाखव, मग गा. चालेल! कडा मी पाहून आलो. उतार भुसभुशीत आहे. घोडी शहाणी आहे, तिचं नाव बटन. तिच्या कानात सांगितलंय.

गाणं आईचंच गाणार.

गुरं बसली, वारा बसला, बसली धूळही खाली,
कंदील लाव गं दारावरती, घोडी घराकडे आली.

आईला सांग, उद्या संध्याकाळी पोरगा गाणार. आज झोप लागेलसं वाटत नाही.

ओरेन


बिटर क्रीक
३० मे १९३८

ओरेन,

अडीच महिने झाले, तुझी एक ओळ नाही. मोठा झालास का रे? आई रोज पोस्टात विचारायला पाठवते. पोस्टमास्तर आता मला बघूनच मान हलवतो.

काल ते पिक्चर आलं. आई पहिल्या रांगेत. शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली, कोणी बसू नये म्हणून. मी मशीनशेजारच्या काचेतून बघत होते. तू कड्याच्या कडेने दौडत आलास. पाठीवरून लगेच ओळखलं, डावा खांदा पाडून बसतोस ना. आणि मग ते पडणं. अरे देवा! बटन आणि तू धुळीत एकत्र गडगडलात आणि पिक्चर तिथूनच एकदम डस्टीच्या हसऱ्या चेहऱ्यावर गेलं. उठताना तुला दाखवलंच नाही.

आणि शेकोटीला तू नव्हतास. डस्टी एकटाच जाड्याच्या गळ्याने गात होता. आई शेवटपर्यंत कान टवकारून बसली. मग म्हणाली, "आला नाही का अजून?"

गाणं कापलं असेल तर कापलं म्हण. आम्ही काही हसणार नाही. पण लिही.

लिओटा


लोन पाइन
१४ मार्च १९३८

ताई,

तुझं पत्र मिळालं. कापलं नाही गं, अजून झालंच नाही! आज दुपारी पडलो. फारच छान पडलो. फेल्डरसाहेब "कट" म्हणाले ते ऐकू आलं, टाळ्याही ऐकू आल्या असं वाटतंय. आता संध्याकाळची वाट बघतोय. ऊन अजून डोक्यावर आहे.

लोक जरा घाईत दिसतात. मी जेवायला बाकावर बसलो, पण वाढपी माझ्यावरून पुढे गेला. मला भूक नव्हतीच म्हणा. फेल्डरसाहेबांना गाण्याचं विचारायला गेलो तर ते कड्याखाली कशाकडे तरी बघत उभे होते. मग म्हटलं, नंतर विचारू.

अंग दुखत नाही. पडल्यावर दुखायला हवं ना? बटन लंगडते आहे, पण उभी आहे. मी हाक मारली तर कान टवकारले तिने, बाकी कोणी बघितलं नाही.

संध्याकाळ झाली की लिहितो.

ओरेन


बिटर क्रीक
२६ जून १९३८

अरे वेड्या,

तुझ्याकडे कॅलेंडर नाही का? पत्रावर १४ मार्च! आणि माझ्या मेच्या पत्राला उत्तर देतोस. घाईत तारीख चुकली असेल, पण इतकी? शिवाय पत्र पोस्टाने आलंच नाही. नव्या पिक्चरच्या डब्यात, रिळाखाली घडी करून ठेवलेलं. पाठवणाऱ्या पोराशी दोस्ती केलीस वाटतं, तिकिटाचे पैसे वाचवायला. आता मीही तसंच करीन. हे पत्र परतीच्या डब्यात टाकते आहे.

आईला पत्र वाचून दाखवलं. ती नुसती म्हणाली, "ऊन अजून डोक्यावर म्हणतो?"

हे दुसरं पिक्चर बघितलं. नाव निराळं, गोष्ट निराळी, पडणं तेच. ह्या वेळी ते रात्री घडलेलं दाखवलंय. तू सांगितलंच होतंस म्हणा, एकदा पडलास की दहा पिक्चरमध्ये. तरी मला बघवलं नाही. पडतानाच्या वेळी मी भिंतीकडे तोंड केलं.

ओरेन, तुझं लागलंय का कुठे? लपवू नकोस.

लिओटा


लोन पाइन
१४ मार्च १९३८

ताई,

तारखेचं काय घेऊन बसलीस? आज चौदाच आहे. तुलाच नेहमी घाई, तू जूनमध्ये जाऊन पोचलीस!

आज मात्र विचित्रच झालं. तुला सांगितलं होतं का, हे लोक रात्रीचे प्रसंग भर दुपारी घेतात? कॅमेऱ्यापुढे गडद काच लावतात, नाहीतर मागाहून प्रत काळी छापतात. पण ती काच कॅमेऱ्यापुढे असते, माणसाच्या डोळ्यांपुढे नाही. आज मला सगळंच निळं-काळं दिसत होतं. घोडी, खडक, माझे हात. आणि सूर्य डोक्यावर तसाच, काळा. मी निघालो तेव्हा कडा कुठे आहे ते दिसलंच नाही. तरी पडलो. पडायची जागा पायांना पाठ झाली आहे.

तू विचारतेस लागलंय का. नाही. पण एक सांगतो, आईला वाचून दाखवू नकोस. पडल्यावर उठल्याचं मला आठवत नाही. धूळ डोळ्यांत जाते, आणि मी परत कड्याच्या वरच्या टोकाला घोडीवर बसलेला असतो. उतरून चालत कधी वर आलो ते कळत नाही.

फेल्डरसाहेबांनी शब्द दिलाय. गाणं झाल्याशिवाय मी इथून जाणार नाही. संध्याकाळ तर होऊ दे.

ओरेन


बिटर क्रीक
१४ ऑगस्ट १९३८

ओरेन,

पत्राची सुरुवात कशी करू कळत नाही.

काल तिसरा डबा आला. त्यात तुझं पत्र होतं. अक्षर तुझंच, पण उलटं. सगळ्या ओळी उजवीकडून डावीकडे. आईच्या आरशापुढे धरून वाचलं. तू लिहिलंयस, आज सगळं उलट झालं, उगवतीचे डोंगर मावळतीला गेले, लगाम दुसऱ्या हातात आला, बटन बिथरली. वर तारीख तीच.

मग मी रीळ मशीनवर चढवलं. ओरेन, त्यांनी तुझी दौड उलटी छापली आहे. चोर ह्या पिक्चरमध्ये दुसऱ्या बाजूने पळतात, म्हणून त्यांच्या मागे तूही दुसऱ्या बाजूने. डाव्याऐवजी उजवा खांदा पडलेला. तुझी दौड उलटी झाली आणि तुझं पत्रही उलटं झालं. निळ्या काळोखाचं तुझं पत्रही जुलैत ते काळोखातलं पिक्चर पुन्हा आलं, त्याच डब्यात मिळालं होतं.

मी भित्री नाही, तुला माहीत आहे. पण पिक्चर संपल्यावर मशीनच्या खोलीतले सगळे दिवे लावले आणि मगच रीळ उतरवलं. आईला काही सांगितलं नाही. तिनेच विचारलं, "आज किती वेळा पडला?" मी म्हटलं, एकदाच. ती म्हणाली, "आपल्याकडे एकदा. बाकीच्या गावांत?"

मी ब्लू मेसा कंपनीला आज सरळ लिहिते आहे. माझा भाऊ कुठे आहे ते त्यांनी सांगावं.

तू कुठेही असलास तरी माझा आहेस हे ध्यानात ठेव.

लिओटा


हॉलिवूड
५ सप्टेंबर १९३८

मिस टॅकेट यांस,

तुमचं पत्र ऑफिसात चार टेबलांवर फिरून शेवटी माझ्याकडे आलं. कारण "ओरेन टॅकेट" नावाचा माणूस आमच्याकडे कोणालाच माहीत नाही. मी इथे फिल्म कापते आणि जोडते. तुम्ही वर्णन केलेलं पडणं मीच प्रत्येक पिक्चरमध्ये जोडलं आहे. म्हणून उत्तर देणं माझं काम आहे असं मला वाटलं.

बाई, बसून वाचा. त्या दिवशी, १४ मार्चला, घोडी उठली. स्वार उठला नाही. मान मोडली होती. यातना झाल्या नाहीत असं डॉक्टर म्हणाले. कंपनीचा माणूस कोपऱ्यावर चौकशीला गेला, पण तिथे सगळ्यांना तो टेक्स रिव्हर्स एवढाच माहीत होता. कुठला, कोणाचा, कोणी सांगू शकलं नाही. लोन पाइनच्या स्मशानात त्याला पुरलं. लाकडी पाटीवर तेच नाव आहे. तुम्हाला कोणी कळवलं नाही, कारण कळवायचं कोणाला हेच ठाऊक नव्हतं. ह्याची मला फार शरम वाटते.

औषधाच्या दुकानातल्या सोलला मी विचारून आले. तो म्हणतो, जूनच्या सुरुवातीला ओरेन टॅकेटच्या नावाने पत्र आलं होतं. हा कोण ते माहीत नसल्यामुळे त्याने ते सिगारच्या डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा रिकामा होता.

आणखी एक गोष्ट आहे. मी हसण्यावारी नेली असती, पण तुमच्या पत्रानंतर लपवणं बरं नाही. तो तुकडा मी दर वेळी एकाच जागी कापते. स्वार जमिनीला लागायच्या आधी. पुढचं बघवत नाही म्हणून. पण पुढच्या पिक्चरसाठी डबा उघडला की तुकडा थोडा लांब झालेला असतो. आधी त्याची नुसती पाठ होती. आता तो मान वळवतो. कॅमेऱ्याकडे बघतो. त्याचे ओठ हलतात. ओठांना आवाज जुळवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे वाचता येतात. तो म्हणतो: कंदील लाव गं दारावरती.

ह्याचा अर्थ तुम्हाला कळत असेल तर मला सांगा. डिसेंबरच्या पिक्चरसाठी तो तुकडा पुन्हा मागवला आहे.

हल्डा ब्रँट


बिटर क्रीक
११ सप्टेंबर १९३८

मिसेस ब्रँट,

तुमचं पत्र मी मशीनच्या खोलीत दार लावून वाचलं आणि तिथेच रडून घेतलं. मग आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला त्या उन्हाच्या पत्रापासून माहीत होतं. तू लपवतेस असं वाटलं म्हणून मी विचारलं नाही." म्हणजे आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत बसलो होतो.

अर्थ मला कळतो. ते गाणं आईचं आहे. तो संध्याकाळी गाणार होता. पण तुमच्याकडे दुपारच जमा आहे, संध्याकाळ नाहीच. म्हणून तो रोज पडतो आणि वाट बघतो.

तुम्ही शरमेचं लिहिलंत. मला शरम नको, तो तुकडा हवा. मूळ तुकडा, ज्यावरून सगळ्या प्रती छापतात. डिसेंबरला माझा भाऊ पुन्हा पडता कामा नये.

लिओटा टॅकेट


हॉलिवूड
२ ऑक्टोबर १९३८

मिस टॅकेट,

सोबत मूळ तुकडा आहे, दौडीपासून शेवटपर्यंत. विचारलं तर सांगीन, सडला. ही फिल्म सडते, वास मारते, कोणी डबा उघडून बघणार नाही. कळलं तर माझी नोकरी जाईल, पण तुम्ही त्याची काळजी करू नका. जुन्या प्रती ज्या बाहेर गेल्या त्या फिरून फिरून झिजतील. त्याला माझा इलाज नाही.

डबा बंद करताना आतून टापांचा आवाज आला. मी घाबरले नाही. मी म्हटलं, "जा बाबा, घरी जा."

हल्डा ब्रँट


बिटर क्रीक
१४ ऑक्टोबर १९३८

ओरेन, बाळा,

हे पत्र तुझ्या तुकड्याबरोबरच डब्यात ठेवते आहे. नीट वाच, आणि मधेच थट्टा करू नकोस.

तू त्या दिवशी उठला नाहीस. फार छान पडलास, पण उठला नाहीस. म्हणून जेवण वाढलं नाही, म्हणून कोणी बघत नाही. लोक वाईट नाहीत रे, त्यांना तू दिसत नाहीस. फेल्डर कड्याखाली ज्याच्याकडे बघत उभा होता, तो तूच होतास. ऊन हलत नाही, कारण त्यांच्या कॅमेऱ्याने तेवढंच ऊन पकडलं. पुढची संध्याकाळ तिथे नाहीच. तू जन्मभर वाट बघितलीस तरी ती येणार नाही.

तुला हे माझ्याकडून कळावं असं मला वाटत नव्हतं, पण दुसऱ्या कोणाकडून कळणार? तिथे तुझं खरं नाव घेणारं कोणी नाही.

आता उद्या काय करणार ते सांगते. शनिवार आहे. ते मार्चचं पिक्चर मिस्टर हॉब्सकडून मी पुन्हा मागवून घेतलंय. त्यातली तुझी दौड मी ठेवणार, पडणं कापणार. त्याच पिक्चरच्या शेवटी एका घराचं दार आहे, बंद दार, दारावर कंदील. ते दार मी कड्याच्या जागी जोडणार. म्हणजे तू दौडत येशील आणि पुढे कडा येणार नाही, घर येईल. आणि पिक्चरचा आवाज बंद करून तुझी तबकडी लावणार. जत्रेतली. गाणं तुझ्याच गळ्यातलं असेल.

मग मूळ तुकडा जाळीन.

हे केलं की तुझं पत्र येणार नाही हे मला कळतं. डबा आला की मी रिळाआधी तुझं पत्र शोधते. उलटं आलं तरी चालेल, काळं आलं तरी चालेल, पण येतंय. मी हा डबा फळीवर लपवून ठेवला असता तर तू मला जन्मभर लिहीत राहिला असतास. रात्री दोनदा तसं ठरवलंही. पण प्रत्येक पत्रासाठी तू एकदा पडतोस. मला असली पत्रं नकोत.

तू घोडी जोरात सोड. पुढे कडा नाही. माझ्यावर भरवसा ठेव.

तुझी ताई


बिटर क्रीक
१६ ऑक्टोबर १९३८

प्रिय हल्डाबाई,

झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

काल दुपारच्या खेळाला नेहमीची गर्दी होती. पोरं, शेंगदाण्याची टरफलं, दंगा. आई पहिल्या रांगेत, शेजारच्या खुर्चीवर पर्स. दौड सुरू झाली तेव्हा मी आवाज बंद केला आणि तबकडीवर सुई टेकवली. ओरेनचा आवाज थिएटरभर पसरला. पोरं गप्प झाली. गाण्यात मधे खरखर येते तिथे आई नेहमीसारखी गायली.

तो कड्याकडे येत होता. मी जोडलेला सांधा मशीनमधून गेला, तो हाताला लागला. पडद्यावर घर आलं. आता मी लिहिते ते तुम्ही माना किंवा मानू नका. त्या तुकड्यात दार बंद आहे, तुम्हाला माहीतच आहे. काल ते उघडलं. घोडी अंगणात थांबली. चौकड्यांचा शर्ट घातलेला माणूस उतरला, आमच्याकडे वळला, आणि त्याचं नाक मोडलेलं होतं. ऊन नव्हतं. मागे संध्याकाळ होती.

पोरांना वाटलं पिक्चरच असं आहे. मिस्टर हॉब्स मला म्हणाले, शेवट बरा केलाय ह्यांनी. आणि आई, जिला समोरचं माणूस दिसत नाही, ती भर थिएटरात मोठ्याने म्हणाली, "ओरेन, पाय पुसून ये." मग तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

मी नंतर ते रीळ हातात धरून उजेडात तपासलं. सगळ्या चित्रांत दार बंद आहे.

मूळ तुकडा विहिरीमागे जाळला. भसकन पेटला आणि संपला. तो काढताना डब्यात माझं पत्र नव्हतं. त्याच्या जागी जे होतं ते मी खाली उतरवून पाठवते आहे. मूळ कागद आईने घेतला आणि परत देत नाही.

एक काम करा. लोन पाइनला कोणी जाणार असेल तर त्या पाटीवरचं नाव बदलून घ्या. ओरेन टॅकेट.

लिओटा


१४ मार्च, संध्याकाळ

ताई,

ऊन उतरलं. डोंगर आधी लाल झाले, मग काळे. काच न लावता काळे झाले.

तुझं पत्र वाचलं. थट्टा केली नाही. घोडी जोरात सोडली. कडा आलाच नाही. लांबून माझंच गाणं ऐकू येत होतं आणि मी तोंड हलवत होतो. डस्टीसारखं. पण गळा माझा होता.

इतके दिवस कोणी "टेक्स" म्हणालं की आम्ही सगळे वळायचो. आत्ता अंधारातून आईने हाक मारली. ओरेन म्हणाली. मी वळलो आणि बघितलं, वळणारा मी एकटाच होतो.

आईला सांग, पाय पुसलेत.